रोजच्या वापराची लेन्स

दातांच्या लॅबमध्ये सगळे तिला ताई म्हणायचे. मालकसुद्धा, आणि मालक तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठे होते. कॅप, ब्रिज, कवळ्या असं सगळंच काम ती करायची, पण तिची खरी ख्याती रंगाची होती. एका दाताचा रंग ती शेजारच्या दाताशी असा जुळवायची, की ज्याच्या तोंडात तो बसायचा त्यालाही आठवडाभरानं आपला कुठला आणि ताईचा कुठला हे सांगता यायचं नाही. तिच्यासमोर दात काढून हसायची सोय नव्हती. "हसतोस काय, रंगपट्टीवर ए-तीन आहेस तू," ती म्हणायची, "आणि खालचे तर साडेतीन. चहा कमी कर."

त्यामुळे तिच्या डोळ्यांबद्दल कुणाला शंका येणं शक्यच नव्हतं. केसाएवढी फट तिला भिंगाशिवाय दिसायची. पायाशी ठेवलेली बादली मात्र दिसायची नाही. लॅबमधले लोक म्हणायचे, ताईंचा जीव कामात असतो. घरी नवरा म्हणायचा, वेंधळी आहेस. तिलाही तेच वाटायचं.

ती डोळ्यांच्या दवाखान्यात गेली होती चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून. तिथं तिला एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात तोंड घालून बसवलं, हातात एक बटण दिलं आणि सांगितलं की समोर ठिपका चमकला की दाबायचं. मध्यभागी दोन-चार ठिपके चमकले, तिनं दाबलं. मग बराच वेळ काहीच आलं नाही. यंत्र बंद पडलंय असं वाटून तिनं तिथल्या बाईंना हाक मारली.

"चालू आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही बघत राहा."

डॉक्टरीणबाईंनी नंतर कागद दाखवला. सगळा काळा, मधोमध एक पांढरं भोक.

"डोळ्याच्या पडद्याची कड मरत चालली आहे," त्या म्हणाल्या. "मधला भाग शाबूत आहे, म्हणून तुम्हाला वाचता येतं, बारीक काम करता येतं. पण तुम्ही नळीतून बघताय. अंधारात तर त्याहून कमी दिसत असेल. हे हळूहळू झालंय, वीस-पंचवीस वर्षं. म्हणून कळलं नाही."

"औषध?"

"आज तरी नाही." डॉक्टरीणबाईंनी कागद तिच्याकडे सरकवला. "गाडी चालवता?"

"क्वचित," ताई म्हणाली. ती रोज चालवायची.

"बंद करा. आजपासून. घराण्यात कुणाला होतं का?"

"नाही," ती म्हणाली, आणि म्हणतानाच तिला मामा आठवला. आईचा धाकटा भाऊ. घड्याळं दुरुस्त करायचा. लग्नकार्यात, बारशाला, कुठंही गेला की खुर्चीला, टेबलाला, पोराबाळांना अडखळायचा आणि सगळे हसायचे. धडपड्या मामा.

"मुलं?"

"एक मुलगी. तेवीस वर्षांची."

"तिलाही दाखवून घ्या. लवकर."

कागदाची चार घड्यांची पुडी करून ताईनं ती पर्सच्या आतल्या कप्प्यात घातली. घरी सांगितलं, नंबर वाढलाय. नवरा म्हणाला, वय झालं आता. लेक म्हणाली, छान फ्रेम घे. विषय संपला.

त्याच महिन्यात लॅबमध्ये नवा कॅमेरा आला. दातांच्या रंगाचे फोटो काढायला तिथं कॅमेरा लागायचाच. जुना अजून चांगला होता. मालकांनी तो तिला देऊन टाकला. "आयुष्यभर लोकांचे दात टिपलेत ताई, आता माणसं टिपा." मात्र त्याची लेन्स, अगदी जवळून फोटो काढायची, ती लॅबलाच हवी होती. तोंड नसलेला कॅमेरा घरी कपाटावर पडून राहिला. "एक साधी लेन्स तर घेऊन ये," लेकीनं भुणभुण लावली. शेवटी एका शनिवारी दुपारी ताई कॅमेऱ्याच्या दुकानात गेली.

दुकान चिंचोळं होतं, दोन्हीकडे काचेची कपाटं. दुकानदार साठीचा, चष्मा कपाळावर चढवलेला, बोलघेवडा.

"कशासाठी हवी?"

"रोजच्यासाठी. घरातले, रस्त्यावरचे, असेच फोटो."

"म्हणजे स्टँडर्ड झूम. रोजचं पातेलं म्हणा ना. दूध तापवा, भाजी शिजवा, पाहुणा टपकला तर त्यातच चहा." त्यानं काउंटरवर एकापाठोपाठ एक लेन्स मांडल्या. "आकडा लहान, तेवढं जास्त मावतं. आकडा मोठा, तेवढं लांबचं जवळ येतं. ही चोवीस ते सत्तर, अंधारात राणी आहे, पण वजनाला बत्ता. ही चोवीस ते एकशेपाच, उजेड थोडा कमी घेते, पण लांबवर पोचते. दहांतले आठ जण हीच नेतात. लावून बघा."

त्यानं चोवीस ते एकशेपाच तिच्या कॅमेऱ्याला लावली, मागचा पडदा चालू केला आणि तिच्या हातात दिला. ताईनं तो छातीपासून हातभर लांब धरला.

पत्त्याच्या पानाएवढ्या पडद्यावर अख्खं दुकान उभं होतं. दुकानदार, त्याच्यामागची खोकी, वरचे दिवे, दार, दाराबाहेरून जाणारी माणसं. आणि काउंटरच्या टोकाशी, तिच्यापासून जेमतेम दोन पावलांवर, एक गृहस्थ खुर्चीवर बसून तिच्याकडे बघत होते.

ती दचकून मागे सरकली.

"काय झालं?" दुकानदार म्हणाला.

"हे... हे कधी आले?"

"मी?" ते गृहस्थ म्हणाले. "मी तुमच्या आधीपासून आहे. मघाशी तुम्हाला म्हटलंही, बसायचंय का म्हणून."

ताईनं त्यांची माफी मागितली. मग कॅमेरा तसाच समोर धरून ती सावकाश स्वतःभोवती फिरली. लेन्समध्ये मावेल तेवढं सगळं एकाच वेळी दिसत होतं. कितीतरी वर्षं ती कुठल्याही खोलीत शिरल्यावर ती खोली तुकड्यातुकड्यानं जमवत आली होती, आधी टेबल, मग खिडकी, मग माणूस, आणि हे सगळेच करतात असं धरून चालली होती. आता पुन्हा एकदा सबंध दुकान पडद्यावर आलं आणि तिचे डोळे भरून आले.

"आवडली म्हणायची," दुकानदार खूश होऊन म्हणाला. "दोन दिवस घरी न्या. ओळखपत्र ठेवा आणि सोमवारी सांगा."

घरी त्या दोन दिवसांत कॅमेरा तिच्या गळ्यातून निघाला नाही. स्वयंपाकघरात शिरताना ती आधी पडद्यावर बघायची. खाली ओढून ठेवलेलं स्टूल दिसायचं. कपाटाचं उघडं दार दिसायचं. त्याच दारावर गेल्या महिन्यात तिचं कपाळ फुटलं होतं.

"फोटो काढ की," नवरा म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि घरी आला की पाय पसरून टीव्हीसमोर बसायचा. त्याच्या पसरलेल्या पायांना ती आठवड्यातून दोनदा तरी अडखळायची. आज तिनं वळसा घातला. "नुसती बघत काय बसलीस? की फिल्म महाग झाली?"

तिनं बटण दाबलं. नवऱ्यानं पोट आत घेतलं होतं.

सोमवारी लेन्स परत करून तिनं दुसरी नेली, पुढच्या शनिवारी तिसरी. दुकानदाराला अशी चोखंदळ गिऱ्हाइकं आवडायची, पण एक गोष्ट त्याला खटकत होती.

"बाई, एक विचारू? तुम्ही झूम फिरवतच नाही. रुंद टोकाला लावता आणि तिथंच ठेवता. मग झूम कशाला घेताय? साधी एका आकड्याची घ्या, हलकी पडेल."

"बघते," ती म्हणाली. आपल्याला काय हवंय ते तिला कुणालाच सांगायचं नव्हतं. खरं म्हणजे लेन्स सापडल्यापासून तिनं मनाशी ठरवूनच टाकलं होतं, की आता सांगायची गरजच नाही. घरात कॅमेरा आहे. लॅबमध्ये काम टेबलावरचं. आणि गाडी? गाडी घरापासून लॅबपर्यंत दहा मिनिटं, रोजचा रस्ता, प्रत्येक खड्डा पाठ. ती मान दोन्हीकडे वळवून वळवून बघायची. पूर्वीपेक्षा जास्तच जपून चालवते मी, असं ती स्वतःला सांगायची. लेकीचं मात्र तिनं काहीच ठरवलं नव्हतं. तो विचार आला की ती लेन्सच्या माहितीची पानं काढून वाचत बसायची, कुठलीचं वजन किती, कुठली किती उजेड घेते.

दवाखान्यातून आल्यानंतरच्या सहाव्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, लेकीला तिच्या ऑफिसपाशी सोडायचं होतं. लेक शेजारी बसून फोनवर काहीतरी वाचत होती. कॅमेरा मागच्या सीटवर. गल्लीच्या तोंडाशी ताईनं गाडी थांबवली, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, पुन्हा इकडे बघितलं आणि गाडी पुढे घेतली.

"आई! आई!"

लेकीनं हँडब्रेक ओढला. गाडी गचकन थांबली आणि पुढे काहीतरी धातूचं वाजलं.

एक म्हातारा सायकल हातात धरून चालत रस्ता ओलांडत होता. सायकलचं पुढचं चाक वाकलं होतं आणि तो रस्त्यावर बसला होता, पाय पसरून, जणू आपणहून बसल्यासारखा. पिशवीतून पाव बाहेर घरंगळले होते. लेक धावत गेली. ताईही मागोमाग गेली. त्याला फारसं लागलं नव्हतं. तळहात सोलवटले होते, एवढंच.

"मला वाटलं तुम्ही बघितलंत मला," तो ताईला म्हणाला. चिडलाही नव्हता तो, गोंधळला होता. "मान वळवलीत ना तुम्ही माझ्याकडे. दोनदा वळवलीत. म्हणून तर मी पुढे आलो."

ताईनं त्याची माफी मागितली. त्याला दवाखान्यात न्यायला ती तयार होती, पण तो नको म्हणाला. त्याचा मुलगा जवळच राहायचा, तो आला, सायकल उचलली, ताईचा नंबर लिहून घेतला, आपला दिला आणि बापाला हाताला धरून घेऊन गेला. त्याआधी लेकीनं पाव गोळा करून त्यांच्या पिशवीत घातले होते. मग तिनं आईकडून किल्ली घेतली, गाडी कडेला लावली आणि इंजिन बंद केलं.

"तो समोर होता, आई. बाजूला नाही, समोर. तुला दिसला नाही?"

"माझं लक्ष नव्हतं," ताई म्हणाली.

आणि बोलल्याबरोबर तिला ते वाक्य ओळखू आलं. लहानपणापासून ऐकलेलं. मामा ताट उडवायचा, मामा उंबऱ्यावर ठेचकाळायचा, आणि तिची आई दर वेळी पुढे होऊन म्हणायची, त्याचं लक्षच नसतं.

तिनं पर्स उघडली आणि घडी घातलेला कागद लेकीच्या हातात दिला.

लेकीनं तो उलगडला. काळा रंग, मधलं भोक, वरची तारीख. तारखेवर तिचं बोट थांबलं.

"दीड महिना झाला ह्याला."

"हो."

"डॉक्टर काय म्हणाले?"

ताईनं सगळं सांगितलं. कड, नळी, औषध नाही.

"आणि गाडीबद्दल काही नाही म्हणाले?"

"चालवू नका म्हणाले."

लेकीनं कागद मांडीवर ठेवला. "म्हणजे दीड महिना तू मला अशी गाडीत घालून फिरवतेयस."

"मी जपून..."

"गप्प बस, आई." लेक आजवर असं कधी बोलली नव्हती. तिनं कागदाची घडी घातली, परत उलगडली. "हे घराण्यातून येतं का? मला पण आहे?"

"माहीत नाही. तुला दाखवून घ्यायला सांगितलंय."

"कधी सांगितलं?"

"तेव्हाच."

लेक गाडीतून उतरली, दार न आपटता लावलं आणि निघून गेली. ताई तिला बघत राहिली. पंधरा-वीस पावलांवर ती गर्दीत एका बाजूला झाली आणि ताईच्या नजरेतून निसटली. मग ती कुठं गेली ते ताईला शोधता आलं नाही.

गाडी न्यायला नवरा आला. लेकीनं त्याला फोनवर सगळं सांगितलं होतं. संध्याकाळी त्यानं चहा केला, तिच्यासमोर ठेवला, कप तिच्या हाताला लागेल असा सरकवला, आणि तेवढ्यानंच तिला रडू आलं.

"लिफ्ट बिघडली तर आम्ही पहिलं काम काय करतो माहितीय?" तो म्हणाला. "दुरुस्ती नंतर. आधी दाराला पाटी लावतो, की बंद आहे, आत पाऊल टाकू नका. तू पाटी लावली नाहीस."

"भीती वाटली."

"ती वाटणारच. मला आत्ता वाटतेय. पण पोरगी बसली होती गाडीत." तो उठला आणि गाडीची किल्ली आपल्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवली. मग उगाचच घरभर फिरून स्टुलं भिंतीकडेला लावत राहिला.

मागच्या खोलीत तिची आई, म्हणजे लेकीची आजी, राहायची. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, पण कान तिखट. घरात काय चाललंय ते तिनं ऐकलंच असणार. ताई आत गेली तेव्हा आजी पलंगावर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

"आई, मामाला दिसत नव्हतं ना?"

"त्याचं लक्ष नसायचं," आजी म्हणाली.

"आई."

आजीनं एक टॉवेल घडी केला, तो पुन्हा झटकला आणि पुन्हा घडी करायला घेतला. "एकदा काचेच्या दारावर आपटला होता तो. नाक फुटलं. मी घेऊन गेले डॉक्टरकडे. त्यानं डोळ्यात दिवा घालून बघितलं आणि सांगितलं. खोलीत आम्ही दोघंच होतो. बाहेर आल्यावर मला म्हणाला, अक्का, कुणाला बोलू नकोस, घड्याळं कोण देईल मग माझ्याकडे. मी बोलले नाही."

"आणि तो गेल्यानंतर?"

"तोवर न बोलायची सवय झाली होती."

ताई पलंगाच्या कडेला बसली. तिला एक गोष्ट विचारायची होती आणि विचारायचीही नव्हती. "मी लहान असताना तू मला दिवेलागणीला अंगणातून लाकडं आणायला पाठवायचीस. मी पडायचे. आणि तू मला मारायचीस. भित्री म्हणायचीस."

आजीचे हात थांबले.

"मला कळलं होतं," ती म्हणाली. "म्हणून मारायचे. वाटायचं, नुसती भीती असेल तर मारून जाईल. देवा, भीतीच असू दे, असं म्हणत मारायचे मी तुला. मग तू मोठी झालीस, बारीक कामात तुझा हात बसला, सगळे तुझ्या नजरेचं कौतुक करायला लागले. मला वाटलं, सुटलो आपण."

ताई उठली. तिला आईचा राग आला होता, इतका की तिचे कान तापले. आणि त्याच वेळी पर्समधला दीड महिन्याचा कागदही डोळ्यांसमोरून हलेना. ती आईच्या घड्या केलेल्या कपड्यांचा गठ्ठा उचलून बाहेर आली, कारण दुसरं काय करायचं ते तिला सुचेना.

लेक चार दिवस घरात होती आणि नव्हती. वेळेवर यायची, जेवायची, बापाशी बोलायची. ताईनं लॅबमध्ये सांगून टाकलं. मालक म्हणाले, "दात तर दिसतात ना?" त्यावर दोघंही हसले, आणि मालकांनी मान वळवून डोळे पुसले, ते ताईला दिसलं. दवाखान्यात पांढरी काठी घेऊन चालायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या, त्यांच्याकडे ताईनं नाव घातलं. म्हाताऱ्याच्या मुलाला फोन करून झाला प्रकार जसा होता तसा सांगितला आणि माफी मागितली. तो नुसतं "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला.

शनिवारी दुपारी लेक तिच्या दारात येऊन उभी राहिली.

"लेन्सचं काय झालं?"

"कसली लेन्स, आता..."

"घ्यायचीय का नाही? चल. मी चालवते."

दुकानात ताईनं या वेळी काहीच आडपडदा ठेवला नाही. मला कड दिसत नाही, ह्या पडद्यावर सगळं एकदम दिसतं, म्हणून मी ती रुंद टोकाला ठेवते, असं तिनं सरळ सांगितलं. दुकानदारानं कपाळावरचा चष्मा खाली ओढला, तिच्याकडे नीट बघितलं आणि बडबड बंद केली. मग म्हणाला, "आधी सांगायचं होतं. मी तुम्हाला चुकीची पातेली दाखवत बसलो."

तो माळ्यावर चढून एक खोकं घेऊन आला. "ही वीस ते सत्तर. लोक हिला हात लावत नाहीत, म्हणतात लांबचं कुठं येतंय. पण वीस आणि चोवीस यांत तुम्हाला दाराएवढा फरक पडेल." त्यानं ती लावून दिली. खरंच, जिथं आधी काउंटरचं टोक कापलं जायचं तिथं आता काउंटरही होता आणि त्यापलीकडचं दारही.

"आणि अंधारात?" लेकीनं विचारलं. तिच्या आवाजात अजून धार होती, पण प्रश्न कामाचे होते. "तिला अंधारात काहीच दिसत नाही. ती जड वाली जास्त उजेड घेते ना?"

"दुप्पट घेते. पण वजन?"

ताईनं दोन्ही लेन्स हातात तोलल्या. मग दुकानदारानं त्यांना मागच्या सामानाच्या खोलीत नेलं आणि दिवा बंद केला. ताईला काळोखाशिवाय काही दिसेना. तिनं वीस ते सत्तर समोर धरली. पडदा क्षणभर काळा राहिला, मग त्यावर दाणेदार, करड्या रंगाची खोली उगवली. खोकी, शिडी, आणि शिडीला टेकून उभी असलेली लेक. लेकीला वाटत होतं अंधारात आई आपल्याला बघत नाही, आणि तिनं तोंडावर हात दाबून धरला होता.

ताईनं झूम फिरवली. वीसवरून सत्तरवर. लेकीचा चेहरा जवळ आला.

तिनं कॅमेरा खाली केला. "पुरे एवढी," ती म्हणाली. "ही पुरते."

बाहेर उजेडात आल्यावर लेकीनं विचारलं, "सगळं एकदम बघायचंय तर एका आकड्याची का नाही घेत? हे काका म्हणतायत ती स्वस्त आहे, हलकी आहे."

"सगळं बघितलं की कोण कुठंय ते कळतं," ताई म्हणाली. "पण सगळे मुंगीएवढे दिसतात. कुणाचं काय चाललंय ते नाही कळत. त्याला जवळ जावं लागतं."

दुकानदारानं लेन्स पुसली, झाकण लावलं, पट्टा स्वतः अडकवून दिला. "एक ऐका बाई. चालताना ह्यात बघू नका. थांबा, बघा, मग चाला. चांगले डोळे असलेले फोटोग्राफर ह्यात बघता बघता पायऱ्यांवरून कोसळलेत."

तेही खरं निघालं. पुढच्या महिन्यात ताई दोनदा कॅमेऱ्यात बघत चालली आणि दोनदा पडली. काठी शिकवणाऱ्या बाईंनी तिला रागे भरलं. तेव्हापासून चालायला काठी आणि थांबल्यावर कॅमेरा, अशी वाटणी झाली. घर, लॅब, बसथांबा, दवाखान्याची प्रतीक्षाखोली असे तिचे शेकडो फोटो जमले. कलेच्या दृष्टीनं त्यांत फारसं काही नव्हतं. पण नवरा एकदा ते बघत बसला आणि म्हणाला, आपलं घर एवढं मोठं आहे हे मला माहीत नव्हतं.

लेकीनं तपासणीला अडीच महिने लावले. कुणी आग्रह केला नाही. एक दिवस तिनं स्वतःच वेळ घेतली आणि आईला म्हणाली, येतेस का. ताईनं बाकावर बसून तिची वाट पाहिली. तिनं कॅमेरा आणला होता, पण काढला नाही. आत तोच पांढरा वाडगा होता, तेच बटण, आणि भिंतीपलीकडून ताईला बटणाचा आवाज ऐकू येत होता. टक. टक. टक. ती मोजत राहिली. थोडा जास्त वेळ शांतता झाली की ती बाकाची कड घट्ट धरायची. मग पुन्हा टक.

डॉक्टरीणबाईंनी दोघींना एकत्र बसवलं. लेकीच्या कागदावर काळं जवळजवळ काहीच नव्हतं.

"आज तरी मला काही दिसत नाही," त्या म्हणाल्या. "पण म्हणजे नाहीच, असं मी म्हणणार नाही. रक्ताची तपासणी केली तर बऱ्यापैकी नक्की सांगता येईल. नाहीतर दर दोन वर्षांनी ही चाचणी."

"रक्ताची नको," लेक म्हणाली.

"विचार करून सांगा."

"केलाय. आत्ता नको. मला जेव्हा हवी असेल तेव्हा मी करेन."

ताईच्या ओठांवर आलं होतं, कर गं, एकदा कळू दे. तिनं ते गिळलं. तो हक्क आपण त्या दीड महिन्यात घालवून बसलो, असं तिला वाटलं. की नुसतीच भीती होती ती? तिला ठरवता आलं नाही.

डोळ्यांत थेंब घातल्यामुळे लेकीला उजेड सहन होत नव्हता. जिन्याच्या तोंडाशी ती थांबली, डोळ्यांवर हात धरून.

"आजीला काय सांगायचं?" तिनं विचारलं.

"जे झालं ते."

"तू सांग. मी नाही सांगणार. आणि तू सांगितलंस ना, ती सुटलो म्हणाली म्हणून, तर तिला सांग, अजून सुटलो नाही." लेकीनं चाचपून कठडा धरला. "तू अजून मला सॉरी म्हटलेलं नाहीस, आई. माहितीय?"

ताईनं आठवून पाहिलं. म्हाताऱ्याची माफी तिनं मागितली होती, त्याच्या मुलाची मागितली होती, दुकानातल्या त्या खुर्चीवरच्या गृहस्थांचीही. "चुकलं माझं," ती म्हणाली. "मी तुला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं."

लेकीनं मान हलवली. झालं गेलं असं ती म्हणाली नाही. एका हातानं डोळे झाकून, दुसऱ्या हातानं कठडा धरून ती पायरी उतरली, आणि मागून काठीचा आवाज आला नाही म्हणून थांबली.

"अकरा पायऱ्या आहेत," ती खालून म्हणाली. "मग वळण. ये."